‘बाशू’ ऊसतोड कामगारांच्या लेकरांना दाखवायचाय : पट्ट्या (सबटायटल्स) द्याव्यात की वाचून दाखवावा?

बालाघाटी
बहराम बैझाईंचा ‘बाशू’ हा इराणी सिनेमा इथं किती जणांनी पाहिलाय माहीत नाही. १९८६ च्या सुमारास तयार झाला, पण युद्ध संपल्यावर, १९८९ मध्ये लोकांसमोर आला. इराण-इराक युद्धात खुझेस्तानातल्या गावावर बाँब पडतात, दहाएक वर्षांच्या बाशूचं सगळं घर जळतं. जीव वाचवायला तो एका ट्रकमध्ये लपतो आणि थेट उत्तरेला, कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलानमध्ये उतरतो. तिथं भातशेती, हिरवंगार, लोक गोरे, बोली निराळी. ह्याला येते अरबी. दोन लेकरांची आई असलेली नाई नावाची शेतकरीण त्याला ठेवून घेते. नवरा कामासाठी परगावी, शेजारीपाजारी विरोधात.

बीड जिल्ह्यात हंगामी वसतिगृहातल्या पाचवी ते आठवीच्या मुलांना हा दाखवावा असं ठरतंय. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर, लेकरं आजीआजोबांजवळ किंवा वसतिगृहात. यातली बरीच लेकरं आधीचे हंगाम कर्नाटकातल्या फडावर काढून आलेली, त्यामुळे आजूबाजूला कुणाचंच बोलणं कळत नाही म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणूनच हा सिनेमा.

अडचण भाषेची. पट्ट्या द्याव्यात, की माईकवर कुणी मराठीत वाचत जावं? माझं मत वाचण्याच्या बाजूनं आहे. पडदा, वीज, आवाज याबद्दलही सांगा. अंदाजे साठ मुलं आणि गावातली म्हातारी माणसं.

गोदाकाठ
विषय उत्तम. पण युद्ध आणि बालपणच दाखवायचं तर घोबादींचा ‘टर्टल्स कॅन फ्लाय’ (२००४) का नको? कुर्दी निर्वासित छावणीतली पोरं सुरुंग वेचून विकतात. त्यातला सॅटेलाइट नावाचा म्होरक्या पोरगा लेकरांना लगेच आपलासा वाटेल.

तेरणाखोरे
गोदाकाठ, सिनेमा थोर आहे, पण या वयाला नको. त्यात मुलीवरचा अत्याचार आहे, तिची आत्महत्या आहे, तान्ह्या लेकराचा मृत्यू आहे. बारा वर्षांच्या मुलाला हे दाखवून रात्री वसतिगृहात एकटं झोपवायचं? शेजारी आईबाप नाहीत, ते चारशे किलोमीटरवर फडात आहेत.

तार्कोव्हस्कींचा ‘इव्हान्स चाइल्डहूड’ (१९६२) लहान आहे, दीड तासाच्या आसपास, पण स्वप्न आणि वास्तव असं आलटून पालटून येतं की सवय नसलेला मुलगा वाटेतच हरवतो. शेवटही फार जड. क्लिमोव्हचा ‘कम अँड सी’ (१९८५) तर मोठ्यांनीसुद्धा तयारीनं बघायचा.

‘बाशू’त हिंसा सुरुवातीची काही मिनिटं. त्यानंतरचा सगळा सिनेमा हा त्या काही मिनिटांचा परिणाम आहे. रस्त्याच्या कामासाठी सुरुंग उडतो आणि पोरगं जीव घेऊन पळतं. लेकरांना युद्ध समजावायला मला हाच रस्ता योग्य वाटतो. बाँब थोडाच वेळ दिसतो, बाँबची भीती दोन तास दिसते.

मांजरातीर
तेरणाखोरे यांना पूर्ण अनुमोदन. सुसान तस्लीमींनी नाई जशी उभी केलीय, ते पाहायला म्हाताऱ्या बाया जागच्या हलणार नाहीत. पहिल्यांदा ती दिसते ते चौकटीच्या खालून अचानक वर येणारा चेहरा, तोंडावर पांढरा पदर आणि फक्त डोळे. पडदा मोठाच हवा, या एका चौकटीसाठी तरी.

अक्षरजुळारी
पट्ट्यांचं गणित आधी मांडतो, मग काय ते ठरवा.

मोठा माणूस मराठी पट्टी सेकंदाला बारा-तेरा अक्षरं या वेगानं वाचतो. पाचवी-सहावीच्या मुलासाठी आठ-नऊच्या वर जाऊ नये. म्हणजे तीन सेकंदांच्या संवादाला जेमतेम पंचवीस अक्षरं. एका ओळीत तीसच्या आसपास अक्षरं, ओळी दोनच, आणि कुठलीही पट्टी दीड सेकंदापेक्षा कमी राहू नये. मूळ संवाद यात बसत नाही, तो निम्म्यावर आणावा लागतो. शब्दाला शब्द ठेवायला गेलात तर मुलं चित्र सोडून खालीच बघत बसतात.

तांत्रिक बाजू : पट्ट्यांची फाईल साधी एसआरटी (संवाद आणि त्यांच्या वेळा असलेली मजकुराची फाईल), जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८. श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टंकलेलं असेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल, ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. व्हीएलसीमध्ये (सिनेमा चालवायचं सॉफ्टवेअर) फाँट मुद्दाम निवडा, ‘मुक्त’ नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी. आणि एकदा ‘क्ष, ज्ञ, र्‍या, ट्र, द्ध’ असलेली पट्टी लावून बघा. जोडाक्षरं फुटली, वेलांटी पुढं सरकली, तर त्या संगणकावरचं व्हीएलसी जुनं आहे, नवी आवृत्ती टाका. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

चित्र ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच धरलं तर अक्षर अडीच इंचांच्या खाली नको. मागची रांग ४० फुटांवर असणार.

बालाघाटी
अक्षरजुळारी, मनापासून आभार. पण यातच उत्तर मिळालं असं वाटतं. पाचवीतल्या काही मुलांना अजून जोडाक्षरं अडतात, आणि आजीआजोबांपैकी अनेकांना वाचताच येत नाही. पट्टीनं निम्मा प्रेक्षक बाहेर राहील.

मुक्ताई_लातूर
वाचूनच दाखवा. पण कसं वाचायचं यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं माईक हातात घेऊन ‘आता तो म्हणतोय की’ असं सुरू केलं तर सिनेमाचा जीव जातो.

वाचक एकच. पुरुषाचे संवाद पुरुषी, बाईचे बायकी असले आवाज काढायचे नाहीत. पात्र बोलायला लागल्यावर अर्ध्या सेकंदानं सुरू करायचं आणि त्याचं बोलणं संपायच्या आधी संपवायचं, म्हणजे मूळ आवाजाचं टोक दोन्हीकडून ऐकू येतं. रागावलाय, रडतोय, हे मूळ नटाकडूनच कळायला हवं. वाचकानं मजकूर द्यायचा, भाव नटाकडेच राहू द्यायचा.

संहिता कागदावर घ्या, अक्षर १६ च्या आकारात, एका बाजूलाच छापलेलं. डावीकडे वेळ, मग आधीच्या दृश्याची खूण (“नाई पक्ष्यांना हाक देते, त्यानंतर”), मग वाक्य. नुसत्या वेळेवर विसंबू नका. एकदा वीज गेली की घड्याळ बिघडतं, दृश्याची खूण बिघडत नाही. कागदाच्या कडेला टाचणी नको, सुटी पानं एकेक करून खाली सरकवायची म्हणजे माईकवर खडखडाट येत नाही. वाचायच्या दिव्यावर लाल कापड बांधा. पूर्ण सिनेमासोबत किमान दोन रंगीत तालमी.

आता महत्त्वाचं. या सिनेमात तीन भाषा आहेत. बाशूची अरबी, नाईची गिलकी (गिलानची बोली) आणि शाळेच्या पुस्तकातली प्रमाण फारसी. तिन्हींना एकच मराठी दिली तर सिनेमाच उरत नाही, कारण मग ते दोघं एकमेकांना का समजत नाहीत हे प्रेक्षकाला दिसणारच नाही. माझी सूचना अशी :

बाशूची अरबी अजिबात भाषांतरित करू नका. वाचकानं गप्प बसायचं. नाईला जेवढं कळतं तेवढंच लेकरांना कळू द्या.

नाईची गिलकी आपल्या मराठवाडी बोलीत. ‘ये की रं लेकरा’ असा सूर.

पुस्तक वाचतो ते पाठ्यपुस्तकाच्या मराठीत, अगदी ‘आहे’ ‘आहोत’ सकट.

खामकाठ
मुक्ताई, तिसरा मुद्दा मान्य, पहिला निम्मा मान्य, दुसऱ्याला माझा ठाम विरोध. पडद्यावर मराठवाडी बोली आली की लोकांना हसायची सवय लावलेली आहे. विनोदी पात्राला बोली आणि नायकाला पुण्याची भाषा, हेच वर्षानुवर्षं दाखवलं गेलंय. नाईच्या तोंडी बोली घातली की पहिल्याच वाक्याला हशा पिकेल आणि तिचा दरारा जाईल. साधी, घरगुती पण प्रमाण मराठी ठेवा.

मुक्ताई_लातूर
खामकाठ, तुम्ही म्हणता तो हशा नाट्यगृहात पिकतो, कारण तिथं बोली ‘काढून’ दाखवतात. हेल वाढवला, शब्द मुद्दाम गावंढळ निवडले, की हसू येणारच. वाचक जर धारूर-केजकडचाच असेल आणि घरात बोलतो तसंच बोलला, तर कोण कशाला हसेल? त्या लेकरांच्या आया तशाच बोलतात. आणि नाईला प्रमाण मराठी दिली, तर पुस्तकाच्या प्रसंगाला काय देणार?

तो प्रसंग आठवा. गावातली पोरं बाशूला मारतायत. पडलेलं पुस्तक तो उचलतो आणि मोठ्यानं वाचतो, आपण सगळे इराणची लेकरं, अशा अर्थाचं. तोवर मुका किंवा वेडा समजलेल्या पोराला आपली शाळेची भाषा येते हे ऐकून सगळी थबकतात. भाषेचा सूर तिथंच, त्या क्षणी बदलला पाहिजे. त्यासाठी आधीची सगळी भाषा घरची असायला हवी.

खामकाठ
पुस्तकाच्या प्रसंगाचा मुद्दा पटला. मग वाचक त्याच तालुक्यातला, ही अट पक्की ठेवा. आणि एक गोष्ट बजावून सांगा, उत्साहाच्या भरात तिथं ‘भारत माझा देश आहे’ घुसडू नका. टाळ्या मिळतील, पण सिनेमा इराणचा आहे, युद्ध त्यांचं होतं, त्यांची दक्षिण जळत होती. लेकरांना दुसऱ्या देशाचं दुःख त्या देशाच्या नावानंच कळू द्या.

तेरणाखोरे
+१. नकाशाही आधी दाखवावा. वर्गातल्या जगाच्या नकाशावर इराण, त्यात खाली खुझेस्तान, वर कॅस्पियन. युद्ध सप्टेंबर १९८० ते ऑगस्ट १९८८. यापेक्षा जास्त इतिहास सांगू नका, पाच मिनिटं पुरेत.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. एक, बाशूची मेलेली आई सिनेमाभर मधूनमधून दिसते, शेतात चालते, जवळ उभी राहते. आधी सांगितलं नाही तर लेकरं ‘भूत, भूत’ म्हणून ओरडतात आणि पुढची पंधरा मिनिटं कुजबुज थांबत नाही. ‘त्याला आई आठवते तेव्हा ती आपल्याला दिसते’ एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

दुसरं, नाई त्याला पाण्यावर नेऊन साबणानं घासते, रंग निघेल म्हणून. इथं हशा येईलच. सिनेमा थांबवू नका, कुणाला दटावूही नका. हसू तिथल्या तिथं दाबलं की त्यावर पुढं कुणी बोलत नाही. संपल्यावर पहिला प्रश्न त्याच दृश्यावर विचारा. ज्या पोराला वर्गात रंगावरून चिडवतात, त्याला उभं करून मात्र विचारू नका.

रोहित्र
विजेचं मी सांगतो.

प्रक्षेपक (प्रोजेक्टर) ३०० वॉट, लॅपटॉप ६०, स्पीकर १०० धरा. एकूण ४६०. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून पावणेसहाशे वॉट ओढले जातात. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास, पण निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती ९००. दीड तासात बॅटरी बसली. सिनेमा दोन तासांचा. तेव्हा दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या किंवा जनरेटर. जनरेटर वसतिगृहाच्या मागं, शंभर फुटांवर, मध्ये भिंत येईल असा.

दिव्याचा प्रक्षेपक असेल तर वीज गेल्यावर पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. लगेच पुन्हा चालू करायला गेलात तर तो पेटत नाही किंवा कायमचा जातो. म्हणून प्रक्षेपकापुरता वेगळा १ केव्हीएचा यूपीएस लावा. एलईडी प्रक्षेपकाला ही भानगड नाही, पण खोक्यावर लिहिलेल्या लुमेनवर (उजेडाचं माप) जाऊ नका. ‘एएनएसआय’ असं लिहिलेला आकडा बघा. ८ फुटांच्या चित्राला पूर्ण अंधारात अडीच हजार भरपूर झाले.

स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा आवाज तिथंच थांबतो. ‘बाशू’त शांतता फार आहे, घुमणं कानाला बोचेल.

मांजरातीर
पडद्याबद्दल थोडं. आत दाखवा, बाहेर नको. बालाघाटावर डिसेंबर-जानेवारीत आठनंतर थंडी सोसत नाही आणि वाऱ्यानं कापडाचं शीड होतं. बाहेरच करणं भाग असेल तर दोन्ही बाजूंना बांबू, वर-खाली आडवी काठी, आणि पडद्यामागं काळं कापड, नाहीतर उजेड आरपार जातो. खालची कड जमिनीपासून चार फूट वर. लेकरं सतरंजीवर बसतात, पण कुणीतरी मध्येच उभं राहतंच.

वाचकाचा माईक स्पीकरच्या मागच्या बाजूला ठेवा, पुढं ठेवलात की किंचाळतो.

अक्षरजुळारी
वाचकासाठी वेळा काढताना एक घोळ हमखास होतो. मूळ फिल्म सेकंदाला २४ चौकटींची असते, २५ चौकटींची प्रत असेल तर तीच फिल्म सुमारे चार टक्के वेगानं धावते. १२० मिनिटांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपतो. एका प्रतीवरून वेळा लिहिल्या आणि दुसरी प्रत लावली, की सुरुवातीला सगळं जुळतं आणि शेवटी पाच मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसीत जी आणि एच दाबून पट्ट्या मागेपुढे होतात, पण त्यानं हा फरक जात नाही, कारण तो वाढत जाणारा आहे. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये पहिला आणि शेवटचा संवाद असे दोन बिंदू जुळवले की मधलं सगळं आपोआप ताणलं जातं. सर्वांत सोपं म्हणजे तालीम आणि प्रयोग एकाच फाईलवर, एकाच लॅपटॉपवर करा.

गोदाकाठ
थोडं अवांतर, पण याच विषयातलं. म्हातारी माणसं येणार आहेत तर रझाकारांच्या काळाबद्दल विचारायला ही चांगली संधी आहे. १९४७-४८ मध्ये निजामाच्या हद्दीतून कितीतरी कुटुंबं सरहद्दीपलीकडे, उमरखेडकडे, बार्शीकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर परतली. तेव्हा जे सात-आठ वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत सत्याग्रह आहेत, लढे आहेत, पण त्या वाटेवर लेकरांनी काय खाल्लं, कुठं झोपली, हे फार कमी नोंदलंय.

तेरणाखोरे
कल्पना चांगली, पण त्याच रात्री नको. सिनेमा संपल्यावर लेकरांच्या डोक्यात बाशू असतो, त्यावर लगेच दुसरी कहाणी लादली की दोन्ही पुसट होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी, मुलांनीच प्रश्न काढून आजोबांकडे जावं. आणि प्रश्न ‘तुम्हाला काय वाटलं’ असे नकोत. ‘सोबत काय घेतलं होतं?’, ‘पाणी कुठं प्यालात?’, ‘जनावरं कुणाकडे ठेवली?’ असे विचारले की माणसं मोकळी होतात.

खामकाठ
परवानगीचं कुणी बोललं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील तर. वसतिगृहातली मुलं आणि त्यांना सांभाळणारे आजीआजोबा यात बसवता येतील, कारण पालक तेच. पण गावात दवंडी देऊन सगळ्यांना बोलावलंत, तर तिकीट नसलं तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. कार्यक्रम शाळेच्या नावानं घ्या आणि मुख्याध्यापकांचं पत्र करून ठेवा.

बालाघाटी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. पट्ट्या नाहीत. वाचक केज तालुक्यातलाच, नाई बोलीत, पुस्तक पाठ्यपुस्तकी मराठीत, अरबी तशीच. सुरुवातीला नकाशा आणि आईबद्दलचं एक वाक्य. कार्यक्रम शाळेचा, वर्गखोलीत, जेवणं आधी उरकून साडेसहाला सुरू. दोन बॅटऱ्या आणि प्रक्षेपकाला यूपीएस.

दोन शंका उरल्या. बाशूची अरबी पूर्णपणे सोडली तर लेकरं कंटाळणार नाहीत ना? आणि मध्यंतर कुठं घ्यावं? दोन तास सलग बसणं अवघड आहे.

मुक्ताई_लातूर
कंटाळणार नाहीत, कारण बाशू बोलतो त्यापेक्षा करतो जास्त. नाई आजारी पडते तेव्हा तो तिची सेवा करतो, वाजवतो, बुजगावणं उभारतो. नाई पक्ष्यांशी त्यांच्याच आवाजात बोलते, तिथंही वाचकानं गप्पच राहायचं. लेकरं स्वतः आवाज काढतील, काढू द्या. शेवटी एक हात नसलेला नवरा घरी येतो आणि सगळं घर आरडाओरडा करत शेतातल्या रानडुकराला हाकलायला धावतं. आपल्याकडच्या पोरांना त्यात सांगायचं काय? शेवटच्या पाच मिनिटांचं पान कोरं ठेवलं तरी चालेल.

मध्यंतर पुस्तकाच्या प्रसंगानंतर. त्याआधी सोडलंत तर बाशू अजून सगळ्यांचा परका असतो, आणि लेकरं जड मनानं बाहेर जातात.

रोहित्र
मध्यंतरात प्रक्षेपक बंद करू नका, चित्र तेवढं काळं करा. दिवा पुन्हा पेटायला पाच मिनिटं घेतो. आणि दोन्ही बॅटऱ्यांचं पाणी आदल्या दिवशी बघून घ्या. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी लावू नका, जुनी आधी बसते आणि नवीलाही ओढते.